आईच्या खुब्यातला स्क्रू धरेल ना?

डिचोलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो.

«डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझी आई ७८ वर्षांची. चवथीच्या आदल्या सकाळी तुळशीला पाणी घालायला अंगणात गेली आणि शेवाळ धरलेल्या पायरीवरून घसरली. उजवा खुबा मोडला. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन करून आत रॉड आणि तीन स्क्रू घातले. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, काम चांगलं झालंय, पण हाड फार भुसभुशीत आहे, जपा. उद्यापासून वॉकर धरून उभी करा, असंही तेच म्हणाले. या दोन वाक्यांत आमचं घर अडकलंय. शेजारची काकी म्हणते, तीन महिने जागचं हलवू नका, स्क्रू निसटेल. मुंबईचा भाऊ विचारतो, मावशीच्या मनगटाला सात स्क्रू होते, मग एवढ्या मोठ्या हाडाला तीनच का? आणि स्टीलऐवजी टायटॅनियम घातलं असतं तर? आज अठरा दिवस झाले, आई पलंगावरच आहे. खरं सांगायचं तर मीच भीतीने तिला उठवत नाही. भुसभुशीत हाडात स्क्रू धरतो तरी कशाला? एक्स-रेचा फोटो जोडला आहे.»

ताई, पत्रातल्या शेवटच्या प्रश्नावर मला बरंच बोलायचं आहे, पण त्याआधी एक काम. हे वाचून झालं की आईचं ऑपरेशन केलेल्या सर्जनना फोन लावा आणि एकच विचारा, ‘पायावर वजन द्यायला तुमची परवानगी आजही आहे ना?’ त्यांनी आतलं हाड डोळ्यांनी पाहिलंय, स्वतःच्या हाताने स्क्रू फिरवलाय. शेजारच्या काकींनी नाही आणि मीही नाही. ते ‘हो’ म्हणाले तर उद्याच फिजिओथेरपिस्टना बोलवा. अठरा दिवसांनी एकदम उभं करू नका. आधी पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसवा. चक्कर येते का बघा, कारण इतके दिवस आडवं राहिल्यावर उठताना रक्तदाब उतरतो. पोटऱ्यांपैकी एखादी सुजलीय किंवा दुखतेय का, हेही त्याआधी बघा. तसं असेल किंवा दम लागत असेल तर उभं करायचं थांबवून लगेच डॉक्टरांना कळवा. टाचा आणि माकडहाडाजवळची कातडी लाल झाली आहे का तेही पाहून ठेवा.

आता स्क्रूकडे येतो. आपल्याकडच्या जुन्या घरात तुम्ही कधी चिऱ्याच्या भिंतीत खिळा ठोकून पाहिला असेल. चिरा बाहेरून घट्ट दिसतो, पण आत भोकंच भोकं. खिळा कुठे दगडात रुततो, कुठे पोकळीतून सरळ आरपार जातो. जिथे त्याला दगड लागला तिथेच तो धरतो, पोकळीत असलेली लांबी फुकट. खुब्याच्या गोळ्यातलं, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकातलं हाड थेट असंच असतं. बाहेर कठीण हाडाचं कवच, आणि आत बारीक काड्यांची, पडद्यांची जाळी. जाळीच्या पोकळीत मज्जा. तरुणपणी ही जाळी दाट असते. वय होतं तसे, आणि बायकांमध्ये पाळी गेल्यानंतर जास्त वेगाने, पडदे विरळ होत जातात, पडद्यांच्या काड्या होतात, काही काड्या मधेच तुटतात आणि टोकं लोंबत राहतात. भोकं मोठी होतात. डॉक्टरांनी ‘भुसभुशीत’ म्हटलं ते या जाळीला.

स्क्रू अशा हाडात कशाला धरतो? बहुतेकांना वाटतं, घट्ट आवळल्यामुळे. खरी पकड असते दोन आट्यांच्या मधे अडकलेल्या हाडाची. स्क्रू सरळ ओढून काढायचा म्हटला तर आट्यांच्या टोकाटोकाने हाडाची एक नळी कापली गेली पाहिजे. म्हणून पकड तीन गोष्टींवर ठरते. आट्यांचा बाहेरचा घेर किती मोठा, आट्यांची किती लांबी हाडात रुतली आहे, आणि मधलं हाड किती दाट आहे. पहिल्या दोन गोष्टी सर्जनच्या हातात असतात. म्हणूनच जाळीदार हाडासाठी वेगळे स्क्रू बनवतात. कठीण हाडाचा नेहमीचा मोठा स्क्रू ४.५ मिलिमीटरचा, त्याचे आटे जवळजवळ, पावणेदोन मिलिमीटरच्या अंतराने. जाळीदार हाडाचा स्क्रू ६.५ मिलिमीटरचा, पण त्याचा मधला दांडा जवळपास नेहमीच्या स्क्रूच्या दांड्याएवढाच बारीक, ३ मिलिमीटरचा, आणि आटे २.७५ मिलिमीटरच्या अंतराने, खोल. दोन आट्यांमधे जास्तीत जास्त हाड मावावं म्हणून ही रचना. खुब्याच्या गोळ्यात जाणारा मुख्य स्क्रू तर याहूनही जाड असतो.

तिसरी गोष्ट, हाडाची दाटी, मात्र कुणाच्याच हातात नसते आणि तिचा हिशेब कठोर आहे. जाळीदार हाडाची ताकद त्याच्या दाटीच्या साधारण वर्गाने बदलते. दाटी अर्ध्यावर आली तर ताकद अर्धी राहत नाही, पावपट उरते. ‘हाड थोडं पातळ आहे’ असं रिपोर्टमध्ये दिसतं तेव्हा स्क्रूच्या दृष्टीने ते थोडं नसतं. तुमच्या सर्जननी काळजीचा स्वर लावला त्याचं कारण हेच. ते तुम्हाला घाबरवत नव्हते. हातात स्क्रू फिरवताना शेवटच्या अर्ध्या वळणात जी पकड जाणवायला हवी ती कमी लागली असेल, एवढंच ते प्रामाणिकपणे सांगत होते. अशा हाडात कुठे थांबायचं हे ज्याला कळतं तोच चांगला सर्जन. एक वळण जास्त दिलं की आट्यांमधलं हाड चुरतं आणि स्क्रू जागच्या जागी गरगर फिरायला लागतो.

मग टायटॅनियमचं काय? भावाला सांगा, या बाबतीत फार फरक पडला नसता. स्टील कठीण हाडाच्या साधारण दहापट ताठ असतं, टायटॅनियमचा मिश्रधातू पाच-सहापट. आईच्या गोळ्यातलं जाळीदार हाड या दोघांच्याही शंभराव्या हिश्श्याहून कमी ताठ आहे. भुसभुशीत हाडात आधी हार मानतं ते हाड. स्क्रू सहसा तुटत नाही. दोर बदलला म्हणून चिखलातला खुंटा घट्ट होत नाही.

खुंट्यावरून आठवलं, आणि हे तुम्ही गावात पाहिलेलं असणार. पावसात शेताच्या बांधावर म्हैस बांधायचा खुंटा सरळ वर ओढून सहज निघत नाही. तो काढायचा तर डावी-उजवीकडे हलवावा लागतो. हलवत राहिलं की भोवतीची माती दबते, भोक रुंदावतं, मग दोन बोटांनी खुंटा वर येतो. हाडातला स्क्रूही सरळ ओढला जाऊन सुटतो असं क्वचितच घडतं. तो हलून सुटतो. एकाच मोठ्या झटक्याने होणारं नुकसान वेगळं. बहुतेक वेळा हजारो लहान हालचाली, प्रत्येकीत केसाएवढं सरकणं, भोवतीच्या काड्या एकेक करून मोडणं. म्हणजे खरा प्रश्न ‘स्क्रू किती घट्ट आहे’ हा नाहीच. ‘चालताना स्क्रूवर किती भार पडतो आणि हाड स्वतः किती उचलतं’ हा आहे.

हा भार किती असतो, ऐकून तुम्ही दचकाल. साध्या चालण्यात एका पायावर उभं राहिलं की खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपट भार येतो. आईचं वजन ५० किलो धरलं तर सव्वाशे किलो. कारण शरीर तोलून धरणारा कुल्ह्याच्या बाजूचा स्नायू सांध्याच्या अगदी जवळून ओढतो. तराजूच्या आखूड बाजूने लांब बाजू तोलायची तर जोर जास्त लावावा लागतो, तसंच. बर्लिनच्या संशोधकांनी कृत्रिम सांध्यांतच मोजणारी यंत्रं बसवून हे आकडे काढले. त्यातल्या एका रुग्णाला मधेच ठेच लागली, तेव्हा भार वजनाच्या आठपटींवर गेला होता. माझ्या मते यातली सर्वात कामाची माहिती हीच. सावकाश, वॉकरवर हात टेकून टाकलेलं पाऊल स्क्रूचा शत्रू नाही. ठेच लागणं, तोल जाऊन स्वतःला सावरणं, हा शत्रू आहे.

आणि पलंगावर झोपलेली आई ‘भाराशिवाय’ आहे, असंही समजू नका. बेडपॅनसाठी ती कंबर उचलते, कुशीवर वळताना मांडी आवळते, दुखण्याच्या भीतीने स्नायू ताणून धरते. प्रत्येक वेळी तेच स्नायू त्याच सांध्याला दाबतात. काकींना वाटतं, झोपवलं की स्क्रूला विश्रांती मिळते. विश्रांती मिळत नाही, फक्त आपल्याला ती हालचाल दिसत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे उपचाराला एक आजी होत्या, खाणीच्या भागातल्या, ऐंशीच्या आसपास. हाड इतकं मऊ की स्क्रू लोण्यात गेल्यासारखा गेला. मी घाबरलो. घरच्यांना म्हटलं, दोन महिने पलंगावरच ठेवा. त्यांनी माझा शब्द पाळला, अगदी मनापासून सेवा केली. सहाव्या आठवड्यात एक्स-रे काढला तेव्हा स्क्रू जिथे ठेवला होता तिथेच होता, हाड जुळायला लागलं होतं. आणि त्याच आठवड्यात आजी छातीच्या संसर्गाने गेल्या. तो एक्स-रे मी बराच काळ जपून ठेवला. स्क्रू टिकवण्यासाठी मी जिला झोपवून ठेवलं, तीच टिकली नव्हती. त्यानंतर मी माझ्या रुग्णांना शक्य तितक्या लवकर पलंगावरून खाली उतरवतो, आणि आज खुब्याच्या बाबतीत हेच जगभर मानलं जातं. वयस्कर माणसाला ‘या पायावर फक्त निम्मं वजन द्या’ असं सांगून उपयोगही होत नाही. त्यांना ते जमत नाही. म्हणून रचनाच अशी निवडायची की सोसेल तेवढं वजन पहिल्या दिवसापासून देता यावं.

तुमच्या सर्जननी नेमकं तेच केलंय. खुब्याच्या खालच्या बाजूला, मांडीच्या हाडाच्या सुरुवातीला मोडलेल्या हाडासाठी आतल्या पोकळीत घातलेली सळी बाहेर लावलेल्या पट्टीपेक्षा सांध्याच्या जवळ असते. आखूड तरफ म्हणजे कमी वाकवणारा जोर. सळीतून आरपार एक जाड स्क्रू गोळ्यात जातो, शेजारचा बारीक स्क्रू गोळा फिरू देत नाही, खालचा एक सळीला हाडात अडवून धरतो. या तिघांची कामं वेगळी आहेत, म्हणून मोजदाद करून तुलना होत नाही.

मावशीच्या मनगटाचं गणित निराळं. तिथे आजकालच्या प्लेटमध्ये स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात, ते प्लेटच्या भोकात घट्ट बसतात. प्लेट आणि स्क्रू मिळून एकच वस्तू होते. दाताळ्यासारखं समजा. दाताळ्याचे दात लाकडाच्या पट्टीत पक्के बसलेले असतात म्हणून एक दात एकटा निघत नाही, निघायचे तर सगळे एकदम. जुन्या पद्धतीच्या प्लेटमध्ये प्रत्येक स्क्रूने प्लेटला हाडावर दाबून धरायचं असे, आणि भुसभुशीत हाडात एक ढिला झाला की शेजारच्यावर ताण, मग तो ढिला, अशी रांग लागायची. आट्यांच्या डोक्याच्या प्लेटने ते थांबवलं. तिथे लहान लहान तुकडे धरायचे असतात म्हणून स्क्रू जास्त. खुब्याच्या गोळ्यात मात्र जागाच जेमतेम लिंबाएवढी. तिथे चार जाड स्क्रू घातले तर चार भोकं पडली, आणि धरायला हाड उरलं थोडं. प्रत्येक स्क्रू जेवढं धरतो तेवढं पोखरतोही, हे भावाला समजावून सांगा.

मग तीन स्क्रूंपैकी त्या एका जाड स्क्रूवर सगळं अवलंबून का? हो, बरंचसं. आणि तो किती आवळला यापेक्षा तो कुठे पोचला याला महत्त्व जास्त. खुब्याच्या गोळ्यातली जाळी सगळीकडे सारखी नसते. १८६६ साली झ्युरिकमध्ये कार्ल कुलमान नावाच्या अभियंत्याने शरीररचनेच्या प्राध्यापकांकडे, हेरमान फॉन मायर यांच्याकडे, मांडीच्या हाडाचा उभा काप पाहिला. माल उचलणारी यारी, म्हणजे क्रेन, वाकते तेव्हा तिच्यात ताण आणि दाब ज्या रेषांनी वाहतात, जवळपास त्याच रेषांवर हाडाच्या काड्या लागल्या आहेत हे त्यांना दिसलं. मला आजही ती गोष्ट अचंबित करते. हाडाला कुणी गणित शिकवलं नव्हतं, चालण्याने शिकवलं. या ताणाच्या आणि दाबाच्या काड्या जिथे एकमेकींना छेदतात, तो गोळ्याचा मध्य आणि सांध्याच्या पृष्ठभागाखालचा थर, म्हातारपणीही सर्वात दाट राहतो. स्क्रूचं टोक तिथे पोचलं पाहिजे, पण सांध्यात घुसता कामा नये.

यासाठी एक मोजमाप आहे. समोरून काढलेल्या आणि बाजूने काढलेल्या, अशा दोन्ही एक्स-रेवर स्क्रूचं टोक आणि गोळ्याचं शिखर यांतलं अंतर मोजायचं, एक्स-रेत चित्र मोठं दिसतं ते वजा करायचं, आणि दोन्हींची बेरीज करायची. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या बॉमगार्टनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ही बेरीज २५ मिलिमीटर किंवा कमी असलेल्या १२० स्क्रूंपैकी एकही गोळा फोडून बाहेर आला नाही. बेरीज वाढत जाते तसा धोका वाढतो. तुम्ही पाठवलेला फोटो तिरका घेतलेला आहे आणि एकाच बाजूचा आहे, त्यावरून मी आकडा काढणार नाही. पण पुढच्या भेटीत सर्जनना हा प्रश्न जरूर विचारा, ‘टोक ते शिखर अंतर किती आहे?’ चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही, एक्स-रे उजेडावर लावून तुम्हाला दाखवतो.

‘गोळा फोडून बाहेर’ म्हणजे काय तेही नीट सांगतो, कारण काकींच्या डोळ्यांसमोर स्क्रू सुटून बाहेर पडतो असं चित्र आहे. बिघडतं ते वेगळ्या तऱ्हेने. स्क्रू जागेवरच असतो, गोळा त्याच्याभोवती खाली कलंडतो, आणि स्क्रूचं टोक गोळ्याच्या वरच्या भागातून वर सरकतं. असं झालं तर जांघेत अचानक दुखणं वाढतं, काल टाकता येणारं पाऊल आज टाकता येत नाही, पाय आखूड होतो किंवा बाहेरच्या बाजूला वळतो. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी एक्स-रे. जखमेतून पाणी येणं, ताप येणं, ही वेगळी पण तितकीच तातडीची खूण.

याउलट एक गोष्ट घडली तर घाबरू नका. तो जाड स्क्रू सळीच्या भोकातून काही मिलिमीटर मागे सरकू शकतो, आणि बऱ्याच रुग्णांत सरकतो. ती रचनाच तशी केलेली असते. मोडलेली दोन टोकं चालताना एकमेकांवर दाबली जावीत, एकात एक रुतावीत, म्हणजे भार हाडातून हाडात जाईल आणि स्क्रूला कमी उचलावा लागेल. त्यात पाय किंचित आखूड वाटतो, मांडीच्या बाहेरच्या बाजूला कधी टोचल्यासारखं होतं. स्क्रू अडवून धरला असता तर सगळा भार एकट्या त्याच्यावर आला असता. भुसभुशीत हाडात शहाणपण हेच, की स्क्रूकडून कमी काम करून घ्यायचं.

फारच मऊ हाड असेल तर स्क्रूच्या टोकाभोवती थोडं हाडाचं सिमेंट भरतात. जुन्या भिंतीत खुंटी ढिली झाली की आपण भोकात सिमेंट भरून पुन्हा बसवतो, तोच विचार. सिमेंट जाळीच्या भोकांत शिरतं आणि स्क्रूचा घेर मोठा झाल्यासारखं होतं. पण ते गरम होत घट्ट होतं, सांध्यात किंवा मोडलेल्या फटीत गळू शकतं, म्हणून सरसकट वापरत नाहीत. आईला घातलं नाही म्हणून काही राहून गेलं असं मानू नका.

हे सगळं किती दिवस? हाड जुळेपर्यंत, म्हणजे साधारण तीन ते चार महिने. हाड आधी जुळणार की स्क्रूभोवतालचं हाड आधी झिजणार, एवढाच खेळ आहे. हाड जुळलं की स्क्रूचं काम संपलं, मग तो आत असला काय आणि नसला काय. म्हणून मी ‘स्क्रू कायमचा टिकेल का’ या प्रश्नात वेळ घालवत नाही. कार्तिकात तुळशीचं लग्न येईल तेव्हा ऑपरेशनला दोन महिने उलटून गेलेले असतील. सगळं ठीक चाललं तर तोवर आई वॉकर धरून अंगणापर्यंत येईल. खुर्ची मात्र आधीच मांडून ठेवा.

आता ज्यावर घरोघरी गप्प बसतात ते बोलतो. ऑपरेशनने मोड सांधला, भुसभुशीतपणा तसाच राहिला. डावा खुबा तेवढ्याच वयाचा, तेवढाच विरळ. मनगट, पाठीचे मणकेही तसेच. उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडला, तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं विरळ होण्याचा आजार, आहे हे मानायला डेक्सा या हाडाची दाटी मोजणाऱ्या तपासणीची वाट पाहायची गरज नाही. डेक्सा जरूर करा, त्यातला टी-स्कोर, म्हणजे तरुण हाडाच्या तुलनेत दाटी किती कमी ते सांगणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर कागदावरही नाव लागेल आणि पुढे तुलना करता येईल. पण औषध त्यासाठी थांबवू नका. १९७० मध्ये सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, म्हणजे आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी, साध्या एक्स-रेवर खुब्यातल्या काड्यांच्या रांगा पाहून हाडाची विरळता सहा पायऱ्यांत मांडली. ती ढोबळ आहे, पण आईच्या डाव्या खुब्याचा एक्स-रे तुमच्याकडे असेलच, सर्जनना त्यावर नजर टाकायला सांगा.

औषधाचं म्हणाल तर वर्षातून एकदा शिरेतून देतात ते झोलेड्रॉनिक आम्ल, ५ मिलिग्रॅम. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत खुब्याच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत ते सुरू केलेल्या रुग्णांत नवे अस्थिभंग ३५ टक्क्यांनी कमी झाले, आणि मृत्यूही २८ टक्क्यांनी कमी. त्याआधी किडनीची तपासणी आणि ड जीवनसत्त्वाची पातळी पाहावीच लागते. दर आठवड्याची गोळी असेल तर ती सकाळी उपाशीपोटी भरपूर पाण्यासोबत, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. कुठलं औषध आईला योग्य ते तुमचे डॉक्टर ठरवतील. त्या ९० दिवसांतले तुमच्याकडे अजून बहात्तर दिवस आहेत. ते ‘नंतर बघू’ म्हणत वाया घालवू नका.

जेवणाचं थोडक्यात. दिवसाला सगळं मिळून हजार ते बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जायला हवं. दूध-दही चालत असेल तर उत्तम. आपलं तिजान, म्हणजे नाचणीची पेज, रोज सकाळी द्या, नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे. तारले काट्यासकट मऊ शिजवून दिले तर तेही. आई शिवराक, म्हणजे शाकाहारी, असेल तर कडधान्यं वाढवा, कारण हाड जुळायला आणि पायात बळ यायला प्रथिनं लागतात. ड जीवनसत्त्व जेवणातून पुरत नाही. पावसाळाभर घरात बसलेल्या माणसाला तर नाहीच. ते तपासून गोळीनेच भरून काढा.

आणि ती पायरी. चिऱ्याच्या पायरीवरचं शेवाळ ब्लीचिंग पावडर आणि ताठ ब्रशने काढा, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला काढत राहा. पायऱ्यांना एका बाजूने कठडा बसवा. पलंगापासून संडासापर्यंत रात्री दिवा जळता ठेवा. दारातलं पायपुसणं काढून टाका. वॉकरचा पाय त्यात अडकतो. झोपेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. चष्म्याचा नंबर तपासा. वर सांगितलेली आठपट ठेच टाळण्यासाठीचं खरं काम इथे, घराच्या जमिनीवर आहे, आणि ते तुम्ही करू शकता.

शेवटी, ताई, तुम्ही लिहिलंय की भीतीने मीच तिला उठवत नाही. ती भीती प्रेमातून आली आहे, आणि त्या दिवशी तुमच्या घरात जे दोन उलट सल्ले ऐकू आले त्यातून आली आहे. त्याचा अपराध तुम्ही मानू नका. अठरा दिवसांत फार काही बिघडलेलं नसतं, पायातलं बळ परत येतं. पहिल्या दिवशी ती दोन पावलांनी रडेल, कदाचित तुमच्यावर चिडेल. उभं करण्याआधी अर्धा तास दुखण्याची गोळी द्या, जी डॉक्टरांनी लिहून दिली आहे तीच.

सहा आठवड्यांच्या भेटीला जाल तेव्हा ऑपरेशननंतर लगेच काढलेला एक्स-रेही सोबत न्या. एकट्या नव्या एक्स-रेवर स्क्रू सरकलाय की नाही हे कळत नाही. दोन्ही शेजारी लावले की एका नजरेत कळतं.